बाळ सांभाळणं शक्य नसेल तर ते कायद्याने सोपवता येतं, हे आपल्या खेड्यात सांगणार कोण?

पऱ्हाटी (धागाकर्ती)

मी यवतमाळ जिल्ह्यात आशाताईंची गटप्रवर्तक आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या भागात एका गावाबाहेर निंदायला गेलेल्या बायांना कॅनॉलच्या कडेच्या वावरात बाळ सापडलं. मुलगी. नाळ घरीच कापलेली होती आणि साडीच्या काठाच्या चिंधीने बांधलेली होती. गाठ नीट आणि घट्ट होती. जिने कोणी ती बांधली तिला हे लेकरू जगावं असं वाटत होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बायांनी पदरात घेतलं, आशाताईला फोन केला, १०८ आली, बाळ वाचलं.

त्यानंतर गावात जे सुरू झालं ते मला जास्त लागलं. घराघरातल्या पोरींची मोजणी. कोण आठवडाभर दिसली नाही, कोणाच्या अंगावर सूज होती. बाळाचा फोटो तालुक्याच्या सगळ्या ग्रुपवर. आशाताईला विचारलं गेलं, "तुमच्याकडे तर पाळीची नोंद असते, सांगा नाव." तिने सांगितलं नाही. मला तिचा अभिमान आहे.

पुढच्या मासिक बैठकीत मी आशांना एकच प्रश्न विचारला: एखाद्या बाईला बाळ ठेवणं शक्यच नसेल तर ते कायदेशीरपणे सोपवता येतं, हे कोणाला माहीत आहे? एकीचाही हात वर आला नाही. या बाया रोज गरोदर मायमाउल्यांच्या घरी जातात. त्यांनाच माहीत नसेल तर बारा कोसावरच्या पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या पोरीला कुठून कळणार?

सोय आहे. बाल न्याय (काळजी व संरक्षण) अधिनियम २०१५, कलम ३५. बाळ जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, समिती बोलते, समजावते, आणि तरीही आईबापाचा निर्णय तोच असेल तर कागद होतो. विचार बदलायला दोन महिने मिळतात. आईचं नाव गुप्त राहतं. तिला कोणी तुरुंगात टाकत नाही.

मला दोन गोष्टी हव्या आहेत. कायदा जाणणाऱ्यांनी हे तपशिलात लिहावं. आणि हे गावात सांगायचं कसं, यावर खेड्यात राहणाऱ्यांनी बोलावं.

बंडू_वऱ्हाडी

ताई, तुमची तळमळ समजते. पण मले एक सांगा, असं सोपं करून ठेवलं तर पोट्ट्या-पोट्ट्यांले भेवच नाही राहणार. आज समाजाचं थोडं तरी भय हाय. उद्या म्हणतीन, होऊ द्या, सरकार हायेच सांभाळाले.

निळीशाई

बंडूभाऊ, नऊ महिने पोटात लपवून, एकटीने गोठ्यात बाळंत होणारी पोरगी भीती नसल्यामुळे तिथे पोचते का? भीती होती म्हणूनच ती दवाखान्यात गेली नाही.

कोर्टाची_पायरी

तालुका कोर्टात वकिली करतो. बाल कल्याण समितीपुढेही काही प्रकरणांत उभा राहिलो आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी एक फरक समजून घ्या. बाळ 'सोडून दिलेलं' असणं वेगळं आणि 'सोपवलेलं' असणं वेगळं. शेतात, बसस्टँडवर, देवळाच्या पायरीवर ठेवलेलं बाळ हे सोडून दिलेलं. बारा वर्षांखालच्या मुलाला कायमचं टाकून देण्याच्या इराद्याने कुठे ठेवलं तर जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३१७ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ९३ म्हणून आलं आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. बाळ दगावलं तर प्रकरण खुनाच्या किंवा सदोष मनुष्यवधाच्या कलमापर्यंत जाऊ शकतं.

सोपवलेलं बाळ म्हणजे आईबाप स्वतः समितीसमोर येतात आणि सांगतात, शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक कारणाने, आमच्या हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे, आम्ही हे मूल सांभाळू शकत नाही. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात निदान एक महिला असलीच पाहिजे. पहिला प्रयत्न बाळ आईजवळ राहावं यासाठीच होतो, नियमच तसे आहेत. नाहीच जमलं तर समर्पणपत्रावर सह्या होतात. त्यानंतरचे दोन महिने विचार बदलायला. त्या काळात बाळ शिशुगृहात, म्हणजे मान्यताप्राप्त दत्तक संस्थेत राहतं, किंवा चौकशी करून समिती ते देखरेखीखाली आईकडेच ठेवू शकते. दोन महिन्यांत आई परत आली नाही तर बाळ दत्तक देण्यासाठी मोकळं असल्याचं जाहीर होतं.

सही कोणाची, हा प्रश्न नेहमी येतो. लग्नाचं जोडपं असेल तर दोघांची. एक वारला असेल तर मृत्यूचा दाखला. नवरा कुठे आहे तेच माहीत नसेल तर बाळ सोडून दिलेलं समजून पुढची कार्यवाही होते, म्हणजे बाईला परत पाठवायचं कारण नाही. आई अविवाहित असेल तर फक्त तिची सही. बापाचं नाव सांगायची सक्ती नाही. आई स्वतः अल्पवयीन असेल तर सोबतच्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. याच कायद्याच्या कलम ३८ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की सोडून दिलेल्या किंवा सोपवलेल्या बाळाच्या चौकशीत जन्मदात्या आईबापावर एफआयआर नोंदवायचा नाही, इतर कुठल्याही कायद्यात काहीही असलं तरी. शिवाय कलम ७५ म्हणतं की परिस्थिती हाताबाहेरची असल्यामुळे मूल सोडलं गेलं असेल तर ते जाणूनबुजून सोडलं असं धरायचं नाही. तरीसुद्धा 'अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा दाखल' अशा बातम्या आपण सगळे वाचतो. कायद्याच्या पुस्तकात आणि ठाण्याच्या टेबलावर हे अंतर आहे आणि मला त्याची चीड येते. पण सोपवायला आलेल्या बाईला या अंतराचा त्रास जवळजवळ होत नाही, कारण तिचं प्रकरण समितीपासून सुरू होतं.

आणि हो, पऱ्हाटीताई, ग्रुपवर फोटो टाकणाऱ्यांना सांगा. कलम ७४ प्रमाणे अशा बाळाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पऱ्हाटी

वकीलसाहेब, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. आई अल्पवयीन असेल तेव्हा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, लागतोच ना? मग पोलीस येणारच. पोरी त्यालाच घाबरतात.

कोर्टाची_पायरी

लागतो. माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पण आरोपी तो पुरुष असतो, पोरगी नाही, तिचं बाळ तर नाहीच. हे वाक्य आशाताईंना पाठ करायला लावा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात असंही म्हटलं आहे की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव डॉक्टरने पोलिसांना देणं तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून टाळता येतं. त्याच निकालात अविवाहित बाईलाही २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा मार्ग मोकळा झाला. वेळेत कळलं तर बाळंतपणापर्यंत गोष्ट जातच नाही.

सिस्टर_उपकेंद्र

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स. बरीच वर्षं उपकेंद्रावर काढली. कायद्याचं वकीलदादांनी सांगितलं, मी बाळाचं सांगते, कारण कायदा येईपर्यंत बाळ थंडीने जातं.

कोणाला असं बाळ सापडलं तर अंघोळ घालू नका. अंगावरचं रक्त-पाणी कोरड्या सुती कापडाने टिपा, डोकं झाका, आणि एखाद्या बाईने ते आपल्या उघड्या छातीला लावून वरून लुगडं गुंडाळून घ्यावं. मध नको, गुळाचं पाणी नको, गाईचं दूध नको. नाळेला हळद, शेण, राख काही लावू नका. मुंग्या लागल्या असतील तर हलक्या हाताने काढा, ओढू नका. मग १०८. गाडी येईपर्यंत बाळ छातीवरून काढायचं नाही. मी एका बाळाच्या बेंबीभोवती लाल मुंग्यांची रांग पाहिली आहे. ते बाळ रडत नव्हतं, नुसतं तोंड उघडझाप करत होतं. छातीला धरल्यावर काही वेळाने ते रडलं तेव्हा खोलीतल्या सगळ्या बाया रडल्या.

आणि आईचं कोणीच बोलत नाही. एकटीने बाळंत झालेल्या बाईला रक्तस्राव होतो, वार अडकते, धनुर्वाताची भीती असते. गाव तिला शोधतं ते शिक्षा द्यायला. तिला उपचाराची गरज असते.

आपल्या गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्याने गावातल्याच बायांना शिकवून घरोघर नवजात बाळं वाचवून दाखवली. १९९९ मध्ये त्यांचा तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पुढे तीच पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जायचं हे आपल्या मातीतून गेलेलं आहे. त्याच आशाताईच्या पिशवीत या कायद्याची एक चिठ्ठी का असू नये?

पोडावरचा

मी कोलाम. झरी-जामणी भागातला. आमच्याकडच्या कुमारी मातांवर पेपरात खूप छापून आलं, पुढारी आले, फोटो काढले, गेले. बाहेरून कामाला आलेले लोक, ठेकेदारांची माणसं, लग्नाचं सांगून फसवतात आणि निघून जातात. पोरी राहतात.

पण एक गोष्ट इथे स्पष्ट सांगतो. आमच्या पोडावर बहुतेक पोरी बाळ टाकत नाहीत. सांभाळतात. उपास काढून सांभाळतात. त्यांच्यापुढे हा कायदा 'बाळ देऊन टाक' असा गेला तर मला चालणार नाही. आधी तिला रेशन, घरकुल, बालसंगोपनाचे पैसे मिळू द्या. त्यानंतरही तिला वाटलं, तर ही वाट आहे हे सांगा. क्रम उलटा झाला तर गरिबाचं लेकरू नेण्याची सोय होऊन बसेल.

पऱ्हाटी

दादा, हे माझ्या लक्षात राहील. तुम्ही सांगितलेला क्रमच बरोबर आहे.

कोर्टाची_पायरी

पोडावरचा यांच्या म्हणण्याला कायद्याचा आधार आहे. नियमांत समितीने आणि दत्तक संस्थेने आधी आईला बाळ ठेवायला मदत आणि प्रोत्साहन द्यावं असंच आहे. 'तू गरीब आहेस' एवढ्यावर बाळ घेण्याची घाई कुठे झाली तर ते चूकच, आणि तिला दोन महिन्यांत परत मागता येतं.

अकोल्याची_टेक्सासात

माहेर अकोला जिल्ह्यात. इथल्या कायद्याबद्दल लिहिते, कारण मी राहते ते टेक्सास राज्यच याबाबतीत अमेरिकेत पहिलं. १९९९ मध्ये इथे कायदा झाला. ६० दिवसांपर्यंतचं बाळ दवाखान्यात किंवा अग्निशमन केंद्रात कर्मचाऱ्याच्या हातात देता येतं. बाळाला इजा झालेली नसेल तर नाव विचारत नाहीत, मागे पोलीस लावत नाहीत. २००८ पर्यंत पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. दिवस मात्र वेगवेगळे, कॅलिफोर्नियात फक्त ७२ तास.

नेब्रास्काची हकिकत सांगण्यासारखी आहे. त्यांनी २००८ मध्ये कायदा केला आणि वयाची अटच घातली नाही. काही महिन्यांत ३६ मुलं सोपवली गेली, त्यात नवजात एकही नव्हतं. कित्येक जण दहा-बारा वर्षांच्या पुढचे. एका बापाने एकाच वेळी नऊ मुलं आणून सोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घाईने ३० दिवसांची मर्यादा घातली. लोक त्या आईबापांना नावं ठेवत होते, पण बहुतेकांची मुलं मानसिक आजाराने त्रस्त होती आणि त्यांना कुठेच मदत मिळत नव्हती. दार उघडलं तेव्हा कळलं की रांग किती मोठी होती.

भारतात बाईला समितीपुढे जाऊन बोलावं लागतं. इथे बोलावंच लागत नाही. आपल्याकडे असं काही आहे का?

कोर्टाची_पायरी

त्याच्या जवळचं म्हणजे पाळणा. तमिळनाडूत १९९२ मध्ये सेलम जिल्ह्यात मुलींच्या हत्या थांबवायला जयललिता सरकारने पाळणा योजना सुरू केली. नंतर केंद्राच्या दत्तक नियमावलीतही दत्तक संस्थांनी आपल्या दारात, दवाखान्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत पाळणे ठेवण्याची सोय आली. पाळण्यात ठेवलेलं बाळ कायद्याने 'सोडून दिलेलं' धरलं जातं. त्याच्या नातलगांचा शोध घेतात, वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात येते, आणि दोन महिन्यांत कोणी आलं नाही तर ते दत्तकासाठी मोकळं होतं. आईला तोंड दाखवावं लागत नाही.

गुरुजी_चिखलदरा

जिल्ह्याच्या गावाच्या लोकांना एक विचारतो. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या जवळपास. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या वर. ओली बाळंतीण, हातात लेकरू, एसटीत बसून समितीपुढे जाईल? वाटेत चार ओळखीचे भेटतील. कोणाचं, कुठे चाललीस, नवरा कुठाय. पाळणा तरी कुठे आहे? मी आमच्या भागातल्या एकाही आरोग्य केंद्रावर पाहिला नाही.

सिस्टर_उपकेंद्र

गुरुजी, तिने जायचंच नाही. आपण न्यायचं. नर्स, डॉक्टर, सरकारी कर्मचारी, समाजसेवक, पोलीस, यांच्यापैकी कोणीही बाळ समितीपुढे हजर करू शकतं. वकीलदादा, बरोबर ना?

कोर्टाची_पायरी

बरोबर, कलम ३१. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं. मात्र आई स्वतः येऊन सही करत नाही तोवर ते 'सोपवलेलं' होत नाही, सोडून दिलेलं म्हणूनच चौकशी होते. म्हणून मी म्हणेन, आईची तब्येत आणि तयारी असेल तर तिला गाडी करून सोबत न्या. नसेल तर बाळ तरी सुरक्षित पोचवा. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन केला तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं गावापर्यंत येतात. तो नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो.

दारव्ह्याचा_पाटील

मी पोलीस पाटील. गावात असं बाळ सापडलं की पहिला फोन मलाच येतो, म्हणून लिहितो.

लोक पोलीस पाटलाला ठाण्याचा माणूस समजतात. खरं आहे, खबर देणं माझं कामच आहे. पण खबर बाळ सापडल्याची द्यायची असते. आई कोण, हे गावभर विचारत फिरायचं काम मला कोणी सांगितलेलं नाही. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच गाठायचं. दुसऱ्या कोणाशी बोललो तर गोष्ट फाटे फुटत जाते.

आणखी एक. गावात असं बाळ परस्पर 'देऊन टाकायची' लय जुनी सवय आहे. कोणाच्या मावसबहिणीला मूल नाही, मग रात्रीतून लेकरू तिकडे. कधी मधे दोन-पाच हजार फिरतात. लोकांना वाटतं पुण्याचं काम. वकीलसाहेब, यावर लिहा.

कोर्टाची_पायरी

पाटील, बरं झालं काढलंत. पैसे घेऊन मूल देणं-घेणं म्हणजे कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. दवाखान्यातल्या माणसाने केलं तर किमान तीन आणि सात वर्षांपर्यंत. पैसे नसले तरी सोडून दिलेलं किंवा सोपवलेलं बाळ ठरलेली पद्धत टाळून परस्पर दत्तक दिलं तर कलम ८०, तीन वर्षांपर्यंत. आणि बाळाच्या बाजूने बघा: त्या घरात त्याला उद्या हक्काने वारस म्हणता येणार नाही. आधार, शाळेचा दाखला, सगळीकडे खोटं लिहावं लागतं.

रेवतीची_आई

मी नागपूरला असते. आम्ही लेक दत्तक घेतली. इथे सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

आमची लेक सोपवलेलं बाळ आहे. म्हणजे तिच्या जन्मदात्या आईने समितीपुढे बसून सही केली. त्यामुळे मला तिची जन्मतारीख माहीत आहे, खरी. जन्माचं वजन माहीत आहे. आईला कोणता आजार होता आणि कोणता नव्हता, हे कागदावर आहे. आम्हाला त्या आईचं नाव माहीत नाही, माहीत व्हायची गरजही नाही. पण लेक मोठी झाल्यावर तिने विचारलं तर आपली मुळं शोधायची वाट कायद्यात ठेवलेली आहे, आणि तिथे तिच्यासाठी काहीतरी लिहिलेलं असेल.

दत्तक पालकांच्या आमच्या गटातल्या एका ताईंचा मुलगा बसस्टँडवर मिळालेला. त्याची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजाने लिहिली. डॉक्टर दरवेळी विचारतात, घरात कोणाला दमा आहे का, साखर आहे का. ती दरवेळी सांगते, माहीत नाही. मुलगा आता विचारायला लागला आहे की मला तिथे का ठेवलं. 'तुझी आई तुला घेऊन आली, बोलली, रडली आणि सही करून गेली' हे मी माझ्या लेकीला सांगू शकते. माझ्या मैत्रिणीकडे सांगायला काहीच नाही.

ज्या बाया हे वाचत असतील आणि पोटात बाळ असेल, त्यांना हात जोडून सांगते: तुमचं लेकरू हवं असणारी हजारो घरं वर्षानुवर्षं नंबर लावून बसली आहेत. आमच्या घरात दर वाढदिवसाला तिच्या त्या आईसाठी देवापुढे एक दिवा लागतो.

बंडू_वऱ्हाडी

रेवतीच्या आई, वाचून डोळे भरले माये. माह्यं म्हणणं मी सोडत नाही की लेकरं टाकाले मोकळीक नको. पण हे टाकणं नाही, एवढं मान्य हाय मले. आमच्या ग्रामपंचायतीत मी सदस्य हाओ. काय कराचं ते सांगा.

निळीशाई

बंडूभाऊ, यात आपल्या महाराष्ट्राला नवीन काहीच नाही. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याचसाठी. विधवांनी इथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, बाळ न्यावं किंवा ठेवून जावं, ही त्यांची मर्जी. तिथेच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलाला त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८७५ मध्ये पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या लोकांनी असाच बालकाश्रम काढला. कलम ३५ च्या दीडशे वर्षं आधी आपल्याकडे हे दार उघडं होतं आणि तिथे येणाऱ्या बाईला कोणी नाव विचारत नव्हतं.

परतवाडा_रोड

दिव्यांग बाळांचं कोणी बोललं नाही. टाकलेल्या बाळांत तीही असतात आणि दत्तक घ्यायला त्यांना सहसा कोणी पुढे येत नाही. आमच्या अचलपूर तालुक्यात वज्झरला शंकरबाबा पापळकरांनी अशी शंभरावर मुलं वाढवली, त्यांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं, कित्येकांची लग्नं लावली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे वाढलेली, जन्मतःच कचरापेटीत टाकलेली एक अंध मुलगी त्याच वर्षी एमपीएससी पास झाली. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नका, म्हणून बाबा किती वर्षं सरकारकडे मागणी करत आहेत. बाळ घेतलं म्हणजे जबाबदारी संपली असं सरकारने समजू नये, एवढंच सांगायचं होतं.

गुरुजी_चिखलदरा

आणि बापाचं काय? एवढा मोठा धागा झाला, त्याच्यावर दोन ओळी. बाळ सापडलं की गाव पोरी मोजतं. पोरं कोणीच मोजत नाही. मी सातवी-आठवीच्या मुलांना शिकवतो. मुलींना वेगळं बसवून पाळीची माहिती देतात, मुलांना मैदानावर सोडतात. पुढच्या सत्रात मी मुलांनाही बसवणार.

सिस्टर_उपकेंद्र

गुरुजी, अवश्य. आणि मुलींच्या तासाला १८१ पण सांगा. तो महिलांचा नंबर. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं. घरी पोट लपवता येत नाही अशा दिवसांत पोरीने राहायचं कुठे, हा खरा प्रश्न असतो, आणि तिथून निवाऱ्याची सोय होऊ शकते.

पऱ्हाटी

सगळ्यांचं वाचलं. या महिन्याच्या आशा बैठकीत मी हा विषय घेते आहे. भाषण नाही, एक पानाची चिठ्ठी. कच्चा मजकूर असा:

"बाळ होणार आहे आणि काय करावं कळत नाही? आशाताईला किंवा सिस्टरला एकटीला गाठून सांगा. बाळ सांभाळायला मदत मिळू शकते. तरीही शक्य नसेल तर बाळ जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे सोपवता येतं. तुमचं नाव गुप्त राहतं. सोपवल्याबद्दल तुमच्यावर गुन्हा होत नाही. दोन महिन्यांत विचार बदलला तर बाळ परत मागता येतं. बाळाला उघड्यावर ठेवू नका. कोणाला परस्पर देऊ नका. फोन १०९८, दिवसरात्र. बाळंतपणाला १०८."

बंडूभाऊ, तुम्ही विचारलंत काय करायचं. हीच चिठ्ठी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या, पिठाच्या चक्कीजवळ, जिथे बाया थांबतात तिथे. आणि ग्रामसभेत एक ठराव घ्या की बाळ सापडलं तर गावात कोणी आईचा शोध घेणार नाही, फोटो फिरवणार नाही.

गुरुजी, पाळण्यासाठी मी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र लिहिते. तुमच्या भागातून तुम्हीही लिहा. दोन जिल्ह्यांतून मागणी गेली तर बरं.

कोर्टाची_पायरी

मजकूर चांगला आहे. दोन दुरुस्त्या. 'गुन्हा होत नाही'च्या पुढे 'वय १८ पेक्षा कमी असेल तर गुन्हा त्या पुरुषावर होतो, तुमच्यावर नाही' हे घाला. नाहीतर अल्पवयीन पोरगी विश्वासाने येईल आणि पोलीस बघून बिथरेल. आणि 'तुमचं नाव गुप्त राहतं' हे पहिल्या ओळीत घ्या. तेच वाचून ती पुढचं वाचेल.

बंडू_वऱ्हाडी

चक्कीची भिंत माह्या भावाचीच हाय. पेंटरले उद्या सांगतो. ठरावाचं सरपंचबाईंशी बोलतो, त्या नाही म्हणणार नाहीत.

पोडावरचा

चिठ्ठी वाचणाऱ्या आमच्याकडे कमी. मजकूर पक्का झाला की मला पाठवा, मी कोलामीत बोलून रेकॉर्ड करतो. माझ्या बहिणीच्या आवाजात केलं तर पोरी ऐकतील. 'सांभाळायला मदत मिळू शकते' हे वाक्य तिथे आधी येईल आणि कोणती मदत, किती, कुठे अर्ज करायचा हेही लागेल. ताई, तेवढं तालुक्याच्या महिला व बालविकास कार्यालयातून नीट विचारून पाठवा.

पऱ्हाटी

सोमवारी पंचायत समितीत जाणारच आहे, तेव्हा विचारून इथेच लिहिते.